त्या दिवशी तळ्याकाठी तो दोन तास बोलला, आता यायलाच तयार नाही

एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून त्याचा गोषवारा देते.

त्यांचा मुलगा १६ वर्षांचा. जिवलग मित्र दुसऱ्या गावी गेला आणि त्यानंतर हळूहळू मुलाच्या खोलीचं दार बंद राहायला लागलं. याला आता सात-आठ महिने झाले. काय झालं विचारलं तर 'काही नाही', पुन्हा विचारलं तर चिडचिड. जेवतो, झोपतो, शाळेत जातो. मार्क थोडे घसरलेत. दोन महिन्यांपूर्वी सगळं कुटुंब एका तळ्यावर गेलं होतं. बाकीचे पुढे गेले, हे दोघं मागे राहिले. मुलानं पाण्यात पाय सोडले, खडे टाकत बसला आणि आपणहून बोलायला लागला. चांगला दोन तास बोलला. 'मी त्या दिवशी काहीच विचारलं नव्हतं, माझं सगळं लक्ष त्याचा पाय घसरेल का याकडे होतं,' असं त्या लिहितात.

घरी आल्यावर त्यांनी पाणी आणि मन या विषयावर मिळेल ते वाचलं आणि दर रविवारी मुलाला पाण्याकाठी न्यायचं ठरवलं. पहिल्या रविवारी तो मोबाइल बघत बसला. दुसऱ्या रविवारी म्हणाला, 'झालं का तुझं? निघूया?' तिसऱ्या रविवारी आलाच नाही. वडील म्हणतात, काठावर नुसतं बसून काय होणार, पोहण्याचा क्लास लावा, अंग दमलं की डोकं ताळ्यावर येईल. मामानं बर्फासारख्या पाण्यात उड्या मारण्याचे व्हिडिओ पाठवलेत. आणि पत्राच्या अगदी शेवटी त्या लिहितात, की त्यांच्या लहानपणी त्यांचा चुलतभाऊ बुडून गेला. अजूनही पाण्याजवळ गेलं की पोटात गोळा येतो. मुलाला यातलं काही माहीत नाही.

त्यांचा प्रश्न असा: पाण्यानं मुलांच्या मनाला खरंच बरं वाटतं का? आणि वाटत असेल, तर त्याला आता न्यायचं कसं?

प्रिय ताई,

'मी त्या दिवशी काहीच विचारलं नव्हतं.' तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

त्या दोन तासांचं सगळं श्रेय तुम्ही पाण्याला देऊन टाकलंत. त्या दिवशी काठावर आणखी काय काय होतं, ते जरा आठवून बघा. बाकीची मंडळी पुढे निघून गेली होती. कुठे पोचायची घाई नव्हती. तुम्ही शेजारी शेजारी बसला होतात, त्यामुळे एकमेकांच्या डोळ्यांत बघायची वेळ येत नव्हती. त्याच्या हाताला खडे टाकायचा चाळा होता. आणि तुमचं लक्ष त्याच्या पायांकडे होतं, मनाकडे नव्हतं. त्याला काय होतंय हे शोधून काढायला त्या दिवशी कुणी बसलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारीही पाणी तसंच होतं. पण या वेळी तुम्ही वाट बघत होतात. आता बोलेल, मग बोलेल. तोंडानं काही म्हणाला नसाल, तरी सोळा वर्षांच्या मुलाला ते कळतं. घरात खोलीचं दार लावून घेता येतं. काठावर तेही नाही.

हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. आठ महिने बंद असलेल्या दाराची एकदा फट दिसली, तर कुठलीही आई ती धरून ठेवायला धावेल. मीही धावले असते.

मग पाण्याचा यात काहीच वाटा नाही का? आहे, आणि तो समजून घेतला तर पुढचं सोपं होईल.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दाम्पत्यानं १९८९ साली थकलेल्या लक्षाबद्दल एक मांडणी केली. अभ्यास, परीक्षा, एकामागून एक येणारे निरोप यांत आपण लक्ष ओढून ताणून एका जागी बसवतो, आणि ही ताकद वापरून वापरून दमते. ढग, हलणारी पानं, पाण्यावरचे तरंग अशा गोष्टींकडे मात्र लक्ष आपसूक जातं, जोर लावावा लागत नाही. तेवढ्या वेळात दमलेलं लक्ष विसावतं आणि मागे ढकललेल्या विचारांना वर यायला जागा मिळते. पाणी तर सतत हलत असतं आणि बघणाऱ्याकडे काही मागत नाही. खडा टाकला, वर्तुळं उमटली, विरली, पुन्हा टाकला. बोलायचं नसेल तर खडे टाकत राहता येतं, आणि बोलायला जड जाणारं वाक्य दोन खड्यांच्या मध्ये सरकवताही येतं.

आवाजाचंही तसंच. २०१० साली स्टॉकहोममध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात लोकांना तोंडी गणितं घालून आधी ताण दिला आणि मग वेगवेगळे आवाज ऐकवले. कारंज्याचा आणि पक्ष्यांचा आवाज ऐकणाऱ्यांच्या शरीरातला ताण गोंगाट ऐकणाऱ्यांपेक्षा लवकर उतरताना दिसला. माझं स्वतःचं निरीक्षण आणखी एक आहे. घरातली शांतता मुलांना अंगावर येते, जणू कुणीतरी उत्तराची वाट बघतंय. वाहत्या पाण्याजवळ गप्प बसलं, तर ते गप्प बसणं कुणाला टोचत नाही.

पाण्यात उतरल्यावर शरीराचाही अनुभव बदलतो. गळ्यापर्यंतच्या पाण्यात माणसाचं वजन जेमतेम एक दशांश जाणवतं. या वयात शरीर रोज नव्यानं अवघडल्यासारखं वाटतं. कुणाला उंची नको असते, कुणाला जाडी, कुणाला आवाज. अशा मुलांना पाण्यात थोडा वेळ का होईना, आपलं शरीर हलकं आणि आपलंसं वाटतं. चेहऱ्याला गार पाणी लागलं की हृदयाचे ठोके मंदावतात, ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे. म्हणूनच भावनांचा लोंढा आला की चेहऱ्याला गार पाणी लावा, असं काही मानसोपचारतज्ज्ञ तरुणांना शिकवतात. हृदयाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही करू नये.

आता सावध करणारी बाजू. २०१९ साली इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून असं दिसलं, की आठवड्याला एकूण १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक स्वतःला अधिक निरोगी आणि समाधानी समजतात. तो वेळ एकदम मिळाला की तुकड्या-तुकड्यांनी, यानं फरक पडत नव्हता. पण असे बहुतेक अभ्यास 'सोबत काय दिसतं' एवढंच सांगतात. मन बरं असलेली माणसं मुळातच बाहेर जास्त जातात, हेही त्यामागे असू शकतं. म्हणून रविवारचे दोन तास म्हणजे औषधाचा डोस असं धरून बसू नका. डोस म्हटला की तो घेतला का, लागू पडला का, हे विचारणं आलंच. आणि त्याच विचारण्याला तो कंटाळलाय.

मामांच्या व्हिडिओंबद्दल स्पष्टच सांगते: नको. २०१८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात २४ वर्षांच्या एका तरुणीची हकीकत छापून आली होती. थंड, मोकळ्या पाण्यात दर आठवड्याला पोहण्यानं तिच्या नैराश्याची लक्षणं कमी झाली आणि पुढे औषधंही थांबवता आली. हकीकत खरी आहे, पण ती एकाच व्यक्तीची आहे आणि सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं होतं. खूप थंड पाण्यात एकदम उडी घेतली की पहिल्या मिनिटात श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. धाप लागते, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं. उत्तम पोहणारेही यात दगावतात. दुखावलेल्या मुलाला कणखर करायला धक्का द्यावा लागतो, ही समजूतच मला पटत नाही.

वडिलांचं म्हणणं वेगळं आहे आणि त्यात तथ्य आहे. फक्त कारण चुकतंय. पोहायला शिकायलाच हवं, पण डोकं ताळ्यावर येण्यासाठी नाही, जीव वाचण्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक तिशीच्या आतली होती. शाळकरी मुलांना पोहण्याची आणि पाण्यात सुरक्षित राहण्याची मूलभूत कौशल्यं शिकवा, असं ही संघटना आवर्जून सांगते. तेव्हा क्लास लावा, मुलाला विचारून लावा, पण तळ्याच्या जागी लावू नका. क्लासमध्ये शिट्टी असते, वेळ मोजतात, कोण पुढे आणि कोण मागे ते दिसतं. काही मुलं त्यातही फुलतात. पण ज्या जागी काहीच मोजलं जात नाही अशी एक जागा तुमच्या मुलाला चुकून सापडली होती. ती वेगळी राहू द्या.

जगात काही संस्था तरुणांच्या मनासाठी पाण्याचा ठरवून उपयोग करतात. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला २०१० साली सुरू झालेला 'द वेव्ह प्रोजेक्ट' आणि दक्षिण आफ्रिकेतली 'वेव्हज फॉर चेंज' या संस्था मनानं खचलेल्या मुलांना लाटांवर फळी घेऊन स्वार व्हायला शिकवतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, समुद्रानं जादू केली. जवळून पाहिलं तर दिसतं, की पहिल्या संस्थेत मुलासोबत पाण्यात एक स्वयंसेवक असतो. दुसऱ्या संस्थेत शिकवणारे तरुण त्या मुलांच्याच वस्त्यांमधले असतात आणि आठवड्यामागून आठवडे तेच भेटतात. फळीवरून पडलं तर कुणी हसत नाही. जमलं तर सगळे ओरडतात. समुद्र नसता तर हे जमलं नसतं, पण नुसत्या समुद्रानंही जमलं नसतं.

आता तुमच्या भीतीबद्दल. तुम्ही ती पत्राच्या तळाशी दोन ओळींत उरकलीत, मी मात्र तिच्यापाशी थोडी थांबणार आहे.

२०२२ साली १८ देश आणि प्रदेशांतल्या १५,००० हून अधिक प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी समुद्र, नदी, तळं यांच्याशी ज्यांचा चांगला संबंध आला, ते मोठेपणीही निसर्गाकडे जास्त वळतात आणि त्यांचं मनःस्वास्थ्यही बरं असतं, असं त्यात दिसलं. हा संबंध मोजताना तीन गोष्टी विचारल्या होत्या: पाणी घरापासून किती जवळ होतं, तिथे किती वेळा जायचात, आणि तिथे खेळताना तुमचे आईवडील किती निर्धास्त असायचे. हा तिसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. पाण्याची पहिली ओळख मुलाला पालकाच्या चेहऱ्यावरून होते.

म्हणून भीती गिळून हसत बसा, असं मी म्हणणार नाही. लपवलेली भीती मुलांना दिसतेच, फक्त ती कशाची आहे ते कळत नाही, आणि मग ती आपल्याबद्दलची नाराजी आहे असं त्यांना वाटू शकतं. त्याला चुलतभावाबद्दल सांगा. 'म्हणून सांगते, जपून राहा' असं शेपूट न लावता सांगा. तो कसा होता, तुम्ही काय खेळायचात, तो गेल्यावर घरात त्याचं नाव घेणं कसं बंद झालं (बहुतेक घरांत असंच होतं), आणि पाण्याजवळ गेलं की तुम्हाला अजून काय होतं. तुमच्या मुलाचाही एक मित्र त्याच्या रोजच्या आयुष्यातून निघून गेलाय. त्याचं दुःख सांगण्याएवढं मोठं नाही, असं त्याला स्वतःलाच वाटत असेल आणि त्यामुळेही तो बोलत नसेल. आठ महिने तुम्ही त्याच्या मनातलं ऐकायची वाट बघताय. तुमच्या मनातलं त्याला पहिल्यांदा ऐकू द्या.

भीतीला काम दिलं की ती थोडी आवरते, हा माझा स्वतःचा अनुभव. मी तिशी उलटल्यावर पोहायला शिकले. पहिले कित्येक दिवस नुसतं उताणं तरंगण्यात गेले, आणि तेच सगळ्यात उपयोगी ठरलं. अचानक पाण्यात पडल्यास पहिलं काम पोहणं नसतं. मान मागे टाकायची, कान पाण्यात जाऊ द्यायचे, हातपाय हळू हलवत तरंगत राहायचं आणि श्वास ताब्यात आला की मगच हाक मारायची किंवा काठाकडे वळायचं. हे दोघांनी मिळून शिका, पोहण्याच्या तलावात, शिकवणाऱ्याच्या हाताखाली.

बाकीचे नियम थोडे आणि पक्के ठेवा. अनोळखी पाण्यात उडी नाही; वरून शांत दिसणाऱ्या पाण्याला खाली ओढ असू शकते. मोठा पाऊस झाल्यावर नदी-ओढ्यात उतरायचं नाही, एक तर पाणी वाढतं आणि दुसरं म्हणजे घाण वाहून येते. हिरवट साय धरलेल्या तळ्यात पाय घालायचे नाहीत. समुद्रावर जीवरक्षक असतील तिथेच उतरायचं. लाट आत ओढायला लागली तर तिच्याशी झुंजायचं नाही, तरंगत राहून हात वर करायचा किंवा किनाऱ्याला समांतर सरकून ओढीतून बाहेर पडायचं. श्वास जास्तीत जास्त वेळ रोखून पाण्याखाली राहायच्या पैजा तर अजिबात नाहीत. त्यात मुलं पाण्याखालीच बेशुद्ध होतात. आणि दुसरा कुणी बुडताना दिसला तर आत उडी घ्यायची नाही. ओरडायचं, दोर, काठी किंवा तरंगणारं काहीही त्याच्याकडे टाकायचं. हे शेवटचं मुलांना आवर्जून सांगा, कारण एकाला वाचवायला गेलेला दुसराही जातो असं फार वेळा घडतं. नियम एकदाच, घरी बसून ठरवा. काठावर दर पाच मिनिटांनी 'जपून' म्हणू नका.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते, कारण असंच पत्र लिहू पाहणारे आणखीही पालक असतील. तुमचा मुलगा जेवतो, झोपतो, शाळेत जातो, ही चांगली चिन्हं आहेत. तरीही आठ महिने हा मोठा काळ आहे. समुपदेशकाला एकदा भेटणं योग्य ठरेल. त्याची आत्ता तयारी नसेल तर आधी तुम्ही भेटा. आणि ज्या मुलाची झोप-भूक पार बिघडली आहे, आवडीचं सगळं सुटलं आहे, जो स्वतःला इजा करतो किंवा 'मी नसलो तर बरं' अशा अर्थाचं बोलतो, त्याला पाण्याकाठी नेऊन बघू, असा प्रयोग करू नका. त्याला सरळ विचारा: जगणं नको वाटतं का, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल, किंवा तुम्हाला नुसती शंका असेल, तरी त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अशा वेळी एकट्यानं पाण्याकाठी जाणंही नको.

तर, आता न्यायचं कसं? माझं म्हणणं, सध्या नेऊच नका. रविवारचा कार्यक्रम रद्द झाला असं त्याला सांगून टाका. 'मी जरा मागे लागले होते, आता लागणार नाही,' एवढं पुरे. मग तुम्ही स्वतः जा. भीती वाटते म्हणून थोडाच वेळ जा, काठापासून चार पावलं लांब बसा, सोबत मैत्रीण न्या. परत आल्यावर त्यानं विचारलं तर खरं काय ते सांगा: आज बगळा दिसला, आज पोटात गोळा आला म्हणून लवकर निघाले.

काही आठवड्यांनी जाता जाता त्याला म्हणा, 'मी निघालेय, यायचं तर ये.' आला तर येऊ दे, नाही आला तर तुम्ही जा. मोबाइल घेऊन आला तर तोही असू दे. त्याला काहीतरी काम द्या, बोलण्याशी संबंध नसलेलं. चपटा दगड पाण्यावर किती टप्पे घेतो ते बघा, पाण्याची पातळी मागच्या खेपेपेक्षा वर आहे की खाली ते काठावरच्या एखाद्या खडकावरून ताडा, कचरा पडलेला असेल तर दोघं मिळून पिशवीभर उचला. जागा त्याला निवडू द्या. मोठं तळंच हवं असं नाही, एखादा लहान ओढा किंवा बागेतलं कारंजंही चालेल. आणि गावी गेलेला तो मित्र सुट्टीत येणार असेल, तर त्या दोघांना पाण्यावर जाऊ द्या, नियम सांगून, एखादा जाणता मोठा माणूस नजरेच्या टप्प्यात ठेवून. तिथे जे बोलणं होईल ते तुमच्यापर्यंत येणार नाही. ते त्याला मिळालं, एवढं पुरे माना.

तो पुन्हा कधी बोललाच, तर ऐकताना पाण्याकडे बघत राहा. सल्ला देऊ नका, निदान त्या दिवशी तरी. घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगायची घाई करू नका. आधी त्याला विचारा, सांगू का म्हणून.

आणि तुम्ही पोहायला शिकायला लागलात, तर मला जरूर कळवा. पहिल्यांदा पाठीवर तरंगलात तो दिवस कसा होता, ते मला वाचायचंय.